फणसाच्या फळ्यांचं खेळाचं टेबल : पहिल्यांदाच करतोय, मापं तपासून द्या

किनारेकर (मालवण)
36 इंच चौरस टेबल करायचं आहे. मधे दोन इंच खोल खण : पत्ते, ल्यूडो आणि सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे पत्ते) खेळायला. वर पाच सुट्या फळ्यांचं झाकण, त्यावर कॅरम ठेवता यावा. फणसाच्या एक इंची फळ्या डिसेंबरात कापून पडवीत रचल्यात. पाय अडीच इंच चौरस, उंची 30 इंच. हत्यारं : करवत, रंधा, गुण्या, दोन पटाश्या, ड्रिल. पावसाच्या आत उरकू का? सांधे नुसत्या स्क्रूवर भागतील?

वखारवाला
पावसाच्या आत नको. एक इंच जाडीला सावलीत साधारण वर्ष लागतं. डिसेंबरची फळी मे महिन्यात हाताला कोरडी लागते, पण आत ओल असते. एक फळी ठरवून दर रविवारी काट्यावर तोला आणि आकडा तिच्यावरच पेन्सिलीने लिहा. पावसाळ्यात वजन उलट वाढेल, म्हणून निकाल दिवाळीनंतरच धरा : सलग तीन आठवडे घट नाही, म्हणजे फळी वाळली. तोवर दर दीड फुटावर पट्टी घालून रचा, पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत हव्यात, नाहीतर फळीला बाक येतो. टोकांना जुना ऑइलपेंट फासा, नाहीतर टोकं आधी वाळून चिरतात. कडेचं पांढरं लाकूड काढून टाका, भुंगा तिथेच लागतो; पिवळा गाभा टिकतो.

अडीच इंची पाय इतक्यात वाळणार नाहीत. पाडलेल्या घरांचे सागवानी वासे मिळतात, ते घ्या. रंधा मारण्याआधी सगळीकडून लोहचुंबक फिरवा. आत तुटलेला एक खिळा राहिला तरी रंध्याचं पातं गेलं.

गुण्या_पटाशी
सांधे स्क्रूवर नकोत. पाय जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या टोकात स्क्रू नसांच्या दिशेने शिरतो, तिथे त्याला पकड नसते. दोन पावसाळ्यांत टेबल डुगडुगायला लागेल. पायात चौकोनी भोक पाडा, पट्टीच्या टोकाला जीभ काढा. चार इंच रुंद पट्टी रंधून 7 सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाड उरली, तर जीभ 3 सूत जाड, सव्वा इंच लांब, तीन इंच रुंद. आधी भोक, तेही 3 सुती पटाशीनेच, मग जीभ. जीभ आधी कापली की भोक हमखास मोठं होतं आणि सांधा खुळखुळतो. भोक पायाच्या माथ्यापासून 6 सूत खाली सुरू करा, नाहीतर माथा फुटतो.

तुमच्या मापांत एक गोष्ट राहिली आहे. पट्ट्या पायांच्या बाहेरच्या अंगाला सपाट बसवल्या की पायाचा आतला कोपरा खणात 1 इंच 5 सूत घुसतो. म्हणून चारही बाजूंना आतून 1 इंच 5 सूत जाड, दोन इंच उंच पट्टी लावा. भिंत सलग होईल आणि खण 31 इंच चौरस उरेल. ही पट्टी वरून 6 सूत खाली ठेवा आणि पायांचे आतले कोपरे तेवढेच उतरवा. झाकण त्यावर टेकेल. तळाला 12 मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा प्लाय (आयएस 710), कोपरे कापून, खालून स्क्रूने. स्क्रू 304 स्टेनलेस. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी स्क्रू गंजतो आणि लाकडावर काळा डाग सोडतो.

चिकटवण्याआधी सगळं कोरडं जोडून दोन्ही कर्ण मोजा. फरक एक सुतापेक्षा जास्त असेल तर चिकटवू नका. मोठे क्लॅम्प नसतील तर सुंभ गुंडाळून काठीने पीळ द्या.

किनारेकर
आतल्या कोपऱ्याचं खरंच लक्षात आलं नव्हतं. कॅरमला 30 इंच उंची चालेल ना?

पांढरी_सोंगटी
नाही. कॅरमच्या स्टँडची नियमातली उंची 63 ते 70 सेंटिमीटर. 30 इंच म्हणजे 76. खांदा वर उचलून मारावं लागेल. टेबल 27 इंच (68.5 सेंटिमीटर) करा आणि बसायला 16 इंची स्टूल. पट्टीखाली 23 इंच उरतात, मांड्या आरामात मावतात. पूर्ण मापाचा बोर्ड चौकटीसह 34-35 इंच असतो, म्हणजे झाकणावर बसेल, खणात नाही. चारही कोपऱ्यांखाली रबराचे तुकडे द्या, नाहीतर स्ट्रायकरच्या दणक्याने बोर्ड सरकतो.

गंजिफेची दशावतारी पानं 120, गोल. कडक तळावर पान उचलायला नख लावावं लागतं आणि लाखेचा रंग उडतो. खणात कापड हवंच, पण ते तळाला चिकटवू नका, आषाढात बुरशी येते. 6 मिलिमीटरच्या सुट्या प्लायवर ताणून मागून पिना मारा. ऊन पडलं की काढून वाळवता येईल.

वखारवाला
झाकणाचं राहिलं. पावणेसात इंची फळी उन्हाळा ते पावसाळा दोनेक मिलिमीटर फुगते, पाच फळ्या मिळून जवळजवळ सेंटिमीटर. उन्हाळ्यात बसवलंत तर फळीमागे 2 मिलिमीटर फट सोडा. श्रावणात बसवलंत तर खेटून, फट नंतर आपोआप पडेल. एका फळीला बोट जाईल एवढं भोक ठेवा, म्हणजे झाकण उचलता येईल.

पीयूचे (पॉलीयुरेथेन पॉलिशचे) तीन हात, खालच्या अंगालाही तितकेच. एकच बाजू रंगवली की फळीची पन्हाळ होते. लाखेचं पॉलिश पावसाळ्यात मारू नका, पांढरं पडतं. पायांच्या तळाला पीयू मुरेपर्यंत पाजा, लादी पुसतानाचं पाणी तिथूनच वर चढतं.