मेलिंग लिस्टच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डिस्कार्ड’, ‘नोमेल’ ही नावं बदलावीत का?

धागाकर्ती
मेलिंग लिस्टच्या पत्त्यावर आलेली मेल सगळ्या सदस्यांना जाते. त्यातल्या तपासणीसाठी अडवलेल्या मेलसमोर मॉडरेटरला ‘रिजेक्ट’ आणि ‘डिस्कार्ड’ अशी दोन बटणं दिसतात. रिजेक्ट केलेली मेल कारणासह परत जाते, डिस्कार्ड केलेली कोणालाही न कळवता नष्ट होते. लिस्ट नवीन हातात आली तेव्हा मी दोन महिने डिस्कार्डच दाबत होते. पाठवणाऱ्याला कळत असेल असं धरून चालले होते. एका नव्या सदस्यानं एकच शंका तीनदा पाठवली, मग तो लिस्ट सोडून गेला. बटणावर सरळ ‘न कळवता काढून टाका’ असं का लिहू नये?

प्रतिसाद १
असहमत. लिस्टसर्व्ह हे लिस्टचं जुनं सॉफ्टवेअर १९८६ पासून आहे. ‘नोमेल’ म्हणजे सदस्यत्व ठेवून मेल बंद, हे जुन्या लोकांच्या बोटांत बसलंय. नाव बदललंत की जुनी मदतपानं, स्क्रिप्ट, शोधून सापडणारी उत्तरं, सगळं वाया. ‘डायजेस्ट’ही (अनेक मेल एकत्र करून एकच मेल) आधी कोणाला कळत नाही, एकदा कळलं की पुरतं.

धागाकर्ती
ते ‘एकदा’ येईपर्यंत किती जण गळतात? नोमेल सापडत नाही म्हणून लोक सुट्टीपुरतं सदस्यत्वच रद्द करतात, आणि त्यातले बरेच परत येत नाहीत.

प्रतिसाद २
धागाकर्तीशी सहमत. एप्रिल २०१४ मध्ये याहूनं आपलं डीमार्क धोरण (आपल्या पत्त्यावरून आल्याचं दाखवणाऱ्या पण खात्री न पटणाऱ्या मेलचं काय करायचं, हे इतर सर्व्हरना सांगणारा नियम) कडक केलं. याहूवाल्यांनी लिस्टवर पाठवलेली मेल इतर सर्व्हर परत फिरवू लागले, आणि ती बाउन्स झाली, म्हणजे परत आली, म्हणून ज्यांच्याकडून ती परत आली त्या भलत्याच सदस्यांची मेल लिस्टच्या सॉफ्टवेअरनं बंद केली. मेलमन या लिस्टच्या सॉफ्टवेअरमध्ये तोडगा होता, मेलवर पाठवणाऱ्याऐवजी लिस्टचा पत्ता टाकायचा, पण पर्यायाचं नाव ‘मंज फ्रॉम’! ऐन गोंधळात ते कोणाला सुचणार?

प्रतिसाद १
मग तुम्ही काय नाव द्याल? ‘पाठवणाऱ्याऐवजी लिस्टचा पत्ता’? ते वाचून सदस्यांना वाटेल, आपलं नावच लपवलं जातंय. नाव दिसतंच, बदलतो तो पत्ता. अशा ठिकाणी नाव कसंही ठेवा, खाली दोन ओळी लिहाव्याच लागतात. पडद्यावरचं नाव बदला हवं तर, पण कॉन्फिगमधल्या (सॉफ्टवेअरच्या आतल्या सेटिंगमधल्या) नावाला हात लावू नका. ते बदललं की अपग्रेडच्या दिवशी स्क्रिप्ट बंद पडतात.

धागाकर्ती
कॉन्फिगचं मान्य, ते मॉडरेटरला दिसतही नाही. मंज फ्रॉमखाली दोन ओळी द्या, तो पर्याय माणूस सावकाश बसून निवडतो. डिस्कार्डचं मात्र मी सोडणार नाही. रांगेत चाळीस मेल असताना बटणाखालची ओळ कोण वाचतं? आणि ती मेल परत मिळत नाही.