डी अँड डीचा धंदा पुढे कसा चालणार? नवी पुस्तके घ्यावीत का?

तापीकाठचा_डीएम (जळगाव)

नमस्कार. आम्ही सहा जण गेली चार वर्षे दर रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) हा टेबलाभोवती बसून, पात्रे वठवत खेळायचा कथाखेळ खेळतो. डीएम, म्हणजे कथा सांगून खेळ चालवणारा, मीच असल्यामुळे पुस्तके, नकाशे आणि फासे यांचा खर्च आजवर माझ्याच खिशातून झाला. बाकीचे पाच जण शेव, मुरमुरे आणि चहाची सोय करतात, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आम्ही २०१४ च्या पाचव्या आवृत्तीवर खेळतो. २०२४ मध्ये नवे 'प्लेअर्स हँडबुक' आणि डीएमचे पुस्तक आले, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मॉन्स्टर मॅन्युअल' आले. अमेरिकेतच प्रत्येक पुस्तकाची किंमत ५० डॉलरच्या घरात आहे, त्यामुळे तिन्ही पुस्तके जळगावात पोहोचेपर्यंत काय आकडा होतो, ते सांगायला नको. दुसरीकडे बातम्या काही बऱ्या नाहीत. मालक कंपनी हॅसब्रोने डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे १,१०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. 'सिगिल' हे संगणकावरचे त्रिमितीय टेबल २०२५ च्या सुरुवातीला आले आणि काही आठवड्यांतच त्यावर काम करणाऱ्या बहुतेकांना घरी पाठवण्यात आले. आणि ज्यांनी नियम घडवले ते जेरेमी क्रॉफर्ड व ख्रिस पर्किन्स हेही त्याच वर्षी कंपनी सोडून गेले. हा धंदा आणखी दहा वर्षे टिकेल, असे समजून मी पैसे घालावेत का?

हिशेबनीस_धुळे

जिभाऊ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पहिल्या परिच्छेदात आहे: खेळतात सहा जण आणि विकत घेतो एक. हा खेळ छापणाऱ्या, हॅसब्रोच्या मालकीच्या विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी डिसेंबर २०२२ मध्ये गुंतवणूकदारांसमोर नेमके हेच मांडले होते. खेळणाऱ्यांपैकी साधारण २० टक्के लोक डीएम असतात, पण पैसे मोजणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा त्यांचाच असतो, म्हणजे उरलेल्यांकडून कमाई करणे अजून बाकी आहे, असा त्या बोलण्याचा रोख होता. त्याच वर्षी हॅसब्रोने 'डी अँड डी बियाँड' हे खेळाची पुस्तके व साधने ऑनलाइन पुरवणारे संकेतस्थळ १४ कोटी ६३ लाख डॉलरना विकत घेतले, ते त्याच हिशेबाने: पुस्तक एकदा विकले जाते, पण वर्गणी दर महिन्याला येते.

घोडे पेंड खाते ते 'मॅजिक' पत्त्यांशी तुलना झाली की. विझार्ड्सचाच तो खेळ एका वर्षात १०० कोटी डॉलरहून अधिक उलाढाल करतो, कारण दर काही महिन्यांनी नवे पत्ते येतात आणि मुरलेल्या खेळाडूला ते घेतल्याशिवाय राहवत नाही. आपल्या खेळाचे मात्र एकच पुस्तक सहा जणांना दहा वर्षे पुरते. खेळाडूच्या दृष्टीने जो गुण, तोच भागधारकाच्या दृष्टीने दोष. शिवाय हॅसब्रो दोन्ही खेळांचे आकडे एकाच विभागात दाखवते, त्यामुळे डी अँड डी स्वतःच्या पायावर उभा आहे की पत्त्यांच्या खांद्यावर, हे ताळेबंदावरून बाहेरच्या माणसाला कळत नाही.

माझा अंदाज असा की पुढील काळात पुस्तके ही जाहिरातीचे साधन ठरतील आणि खरी कमाई नाव भाड्याने देण्यातून होईल. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' ने तो मार्ग दाखवला. पण तो संगणकीय खेळ बेल्जियमच्या लॅरियनने बनवला होता, आणि पुढचा भाग आपण करणार नाही, असे त्यांनी २०२४ मध्येच सांगून टाकले. दुसऱ्याच्या बैलांवर किती वर्षे शेती होणार?

सातपुड्याची_लेखिका (चोपडा)

दादांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात विश्वासाचा रकाना राहून गेला. मी सातपुड्यात घडणारी दोन छोटी साहसे (या खेळासाठीची तयार कथानके) लिहून पीडीएफ स्वरूपात विकली आहेत, म्हणून जानेवारी २०२३ मधील प्रकरण मला विसरता येत नाही. सन २००० पासून ओपन गेम लायसन्समुळे कोणालाही या नियमांवर आधारित साहित्य विकता येत होते. तो परवाना रद्द करून, मोठ्या प्रकाशकांच्या ठरावीक मर्यादेपलीकडील विक्रीतून २५ टक्क्यांपर्यंत हिस्सा मागणारा नवा मसुदा बाहेर फुटला, तेव्हा इतके खेळाडू बियाँडची वर्गणी बंद करू लागले की महिनाअखेरीस कंपनीला माघार घ्यावी लागली. २७ जानेवारीला तिने पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोकळे केले, आणि हा परवाना मागे घेता येत नाही. नव्या आवृत्तीचे मूलभूत नियमही एप्रिल २०२५ मध्ये तसेच खुले झाले.

म्हणून 'खेळ टिकेल का' आणि 'कंपनीचा धंदा टिकेल का' हे आता दोन वेगळे प्रश्न आहेत. २००८ च्या चौथ्या आवृत्तीच्या वेळी कंपनीने परवाना आवळला, तेव्हा पायझो या प्रकाशकाने जुन्या नियमांवर 'पाथफाइंडर' हा खेळ उभा करून तिचेच गिऱ्हाईक ओढून नेले होते. आज तसाच स्पर्धक प्रकाशक कोबोल्ड प्रेस आहे, आणि क्रॉफर्ड व पर्किन्स ज्यांच्याकडे गेले ते 'डॅगरहार्ट' या दुसऱ्या कथाखेळाचे प्रकाशकही आहेत. (माझ्या साहसांतले गॉब्लिन अहिराणीत भांडतात, त्यावर तरी कोणाला हिस्सा मागता येणार नाही.)

भुसावळ_जंक्शन

ताई, नियम मोकळे झाले तरी नाव मोकळे झालेले नाही. मी नव्या गटासाठी सूचना लावली, तेव्हा आलेल्या चौघांपैकी तिघांनी 'बाल्डर्स गेट' खेळला होता आणि एकानेही कोबोल्ड प्रेसचे नाव ऐकलेले नव्हते. माणूस टेबलापर्यंत येतो तो नाव ऐकूनच.

मालक बुडाल्याने हा खेळ मरत नाही, हे मात्र एकदा दिसून आले आहे. १९७४ मध्ये तो काढणाऱ्या टीएसआर कंपनीने नव्वदच्या दशकात इतकी निरनिराळी काल्पनिक जगे छापली की गिऱ्हाईक त्यांत विभागले गेले, पुस्तकविक्रीच्या बाजारातून न खपलेला माल परत आला आणि कंपनी कर्जात रुतली. १९९७ मध्ये विझार्ड्सने ती घेतली, १९९९ मध्ये हॅसब्रोने विझार्ड्सला घेतले, आणि टेबलावरचा वीस बाजूंचा फासा तोच राहिला.

तापीकाठचा_डीएम (जळगाव)

सर्वांचे आभार. मूलभूत नियम मोफत उतरवून घेतले. त्यांत पात्रांच्या प्रत्येक वर्गाचा (योद्धा, जादूगार वगैरे) एकच उपप्रकार आहे आणि बिहोल्डरसारखे कंपनीने स्वतःकडे राखलेले राक्षस नाहीत, पण आमचे सध्याचे कॅम्पेन, म्हणजे सलग चाललेली कथा, तेवढ्यावर निभावेल. बियाँडची वर्गणी घेणार नाही. 'प्लेअर्स हँडबुक' मात्र घ्यायचे ठरवले आहे, आणि हिशेबनीस दादांचे म्हणणे गटात वाचून दाखवल्यावर, थोड्या कुरकुरीनंतर, या वेळी त्यासाठी सहाही जण मिळून पैसे काढणार आहेत.