मोंगॉइड: आत ठेवायचं की वेगळं?
मोंगॉइड ही रुबी भाषेतून मोंगोडीबी हा डेटाबेस वापरण्यासाठीची लायब्ररी. त्यात ऑर्डरमधल्या वस्तू 'एम्बेड्स मेनी'ने ऑर्डरच्या आतच ठेवायच्या की 'हॅज मेनी'ने वेगळ्या कलेक्शनमध्ये (नोंदींच्या वेगळ्या संचात), असा प्रश्न आहे. माझं मत, आतच ठेवा. ऑर्डर उघडली की वस्तू लागतातच, त्या असतातही मोजक्या, आणि एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला एकदाच विचारून, सगळं हाती येतं.

ग्राहकाच्या ऑर्डरी मात्र ग्राहकाच्या डॉक्युमेंटमध्ये (डेटाबेसमधल्या त्याच्या नोंदीत) कोंबू नका. ती यादी वाढतच राहते आणि मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादा आहे. त्रास तर त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. एका प्रकल्पात मी बदलांचा इतिहास असाच आत ठेवला होता. नुसतं नाव दाखवायचं असलं तरी अख्खा इतिहास वाचला जायचा. शेवटी स्क्रिप्ट लिहून सगळं बाहेर काढलं, त्यात दोन रात्री गेल्या.

आणखी एक, इथे बरेच जण अडकतात: मॉडेलमध्ये (कोडमधल्या नोंदीच्या व्याख्येत) 'इंडेक्स', म्हणजे शोध जलद करणारी सूची, लिहिला म्हणून तो डेटाबेसमध्ये आपोआप तयार होत नाही. त्यासाठी 'डीबी:मोंगॉइड:क्रिएट_इंडेक्सेस' हा रेक टास्क (रुबी प्रकल्पातली कमांड) चालवावा लागतो. डिप्लॉयच्या (कोड सर्व्हरवर चढवण्याच्या) स्क्रिप्टमध्येच तो टाकून ठेवा. आणि ऑर्डरींच्या यादीत ग्राहकाचं नाव दाखवणार असाल तर 'इन्क्लूड्स' लावा, म्हणजे सगळे ग्राहक एकत्रच आणले जातात, नाहीतर ५० ऑर्डरींमागे ५० जादा क्वेऱ्या जातील.