उ: रेनॉल्ड्सचा लॉर्ड हीथफिल्ड – ती खाली वाकलेली तोफ

इंग्रज चित्रकार रेनॉल्ड्सने जिब्राल्टर राखणाऱ्या सेनापती लॉर्ड हीथफिल्डचं चित्र काढलंय. त्यात मागची तोफ जमिनीकडे तोंड करून आहे म्हणजे 'युद्ध संपलं' असं वर कोणीतरी लिहिलंय. मला नाही पटत. त्याच्या हातातली किल्ली महत्त्वाची, याच्याशी मात्र सहमत. जिब्राल्टरची (स्पेनच्या दक्षिण टोकाचा इंग्रजांच्या ताब्यातला डोंगरी किल्ला) ती भलीमोठी किल्ली, साखळीचा हाताला वेढा. १७८७ च्या या चित्रात सगळा आब तिथेच आहे.

तोफेचं कारण जास्त व्यावहारिक असावं. १७७९ ते १७८३ च्या जिब्राल्टरच्या वेढ्यात इंग्रज कड्यावर आणि स्पॅनिश मोर्चे खाली सपाटीवर. साध्या तोफगाड्यावर नळी इतकी खाली झुकत नसे. म्हणून इंग्रजांच्या लेफ्टनंट कोहलरने १७८२ मध्ये तीव्र उतारावर मारा करता येईल असा खास गाडा बनवला. गोळा घरंगळून बाहेर पडू नये म्हणून त्यावर बोळा गच्च ठासावा लागे. चित्रातली नळी जवळजवळ उभी खाली गेलीय, ती पाहणाऱ्याला उंचीचा अंदाज देते. कडा न रंगवता कडा दाखवलाय, यात रेनॉल्ड्सची खरी हुशारी.

बाकी चेहऱ्याच्या लालीवरून 'दारूडा सेनापती' म्हणणाऱ्यांसाठी: हा गृहस्थ शाकाहारी होता आणि पाण्याशिवाय काही पीत नसे!