आई-बाबांना घेऊन गॅलेना (इलिनॉय): एका दिवसात होईल की मुक्काम करू?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या शेवटी आई-बाबांना घेऊन धाकट्या बहिणीकडे चाललेय, ती शिकागोजवळ नेपरव्हिलला असते. शिकागो तर बघणारच, पण बाबांना उंच बिल्डिंगांपेक्षा जुनी गावं, वाडे, नदीकाठ असलं काही जास्त आवडतं, रिटायर झाल्यापासून त्यांचं सगळं वाचन इतिहासाचंच चाललंय. बहिणीला ऑफिसात कोणीतरी गॅलेना सुचवलं. मॅपवर बघितलं तर राज्याच्या पार वायव्य कोपऱ्यात, गाडीने तीनेक तास. सकाळी निघून रात्री परत येता येईल का? आईचे गुडघे दुखतात, तिला जिने नकोत. आणि तिथे नक्की बघायचं काय, कारण फोटोत तर गिफ्ट शॉप आणि आइस्क्रीमच दिसतंय.

पंचवटी_ते_पिओरिया:
ताई, एक रात्र तरी राहाच. जाऊन-येऊन सहा तास गाडीत बसल्यावर काकूंच्या गुडघ्यांचं काय होईल ते सांगायला नको.
दुकानं आहेत, भरपूर आहेत, पण ती ज्या बिल्डिंगांमध्ये आहेत त्या बघायच्या. गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज, त्यावरूनच गावाचं नाव पडलं. 1840 च्या दशकात अमेरिकेतलं बहुतेक शिसं याच भागातून निघायचं आणि मिसिसिपीवरच्या आगबोटी गॅलेना नदीतून थेट गावात यायच्या. मग खाणी आणि भट्ट्यांसाठी डोंगरावरची झाडं तोडली, माती वाहून नदीत आली, पात्र गाळाने भरलं, बोटी बंद झाल्या. रेल्वे आल्यावर व्यापारही दुसरीकडे गेला. गावात पैसाच उरला नाही म्हणून जुनं पाडून नवं बांधायच्या भानगडीत कोणी पडलं नाही आणि विटांची ती अख्खी मेन स्ट्रीट तशीच राहिली. 1969 मध्ये गावाचा जुना भाग राष्ट्रीय वारशाच्या यादीत गेला. काकांना हे आधी सांगून ठेवा, मग ते दुकानांकडे बघणारच नाहीत, वरच्या मजल्यांच्या खिडक्या बघत फिरतील!
जिन्यांचं म्हणाल तर मेन स्ट्रीट बऱ्यापैकी सपाट आहे. वरच्या गल्ल्या डोंगराच्या अंगावर आहेत आणि तिकडे जायला लांबलचक दगडी-लाकडी पायऱ्या, त्या काकूंनी खालूनच बघाव्यात. ट्रॉलीने (जुन्या ट्रामसारखी दिसणारी बस) गाव फिरवतात, ती घ्या.

जुनं_नाशिक:
काकांसाठी ग्रँटचं घर चुकवू नका. पन्नास डॉलरच्या नोटेवर ज्याचा फोटो असतो तोच युलिसिस ग्रँट. 1860 मध्ये तो वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करायला या गावात आला, तोवर त्याचं कुठेच नीट बस्तान बसलं नव्हतं. पाच वर्षांत यादवी युद्ध जिंकलेला सेनापती होऊन परत आला तेव्हा गावातल्या काही बड्या मंडळींनी त्याला सामानासकट विटांचं घर भेट दिलं. 1869 मध्ये राष्ट्राध्यक्ष. घरातलं बरंचसं फर्निचर त्याच्याच कुटुंबाचं आहे. घर नदीपलीकडे टेकाडावर आहे पण गाडी जवळपर्यंत जाते.
आता नाशिककरांसाठी खास गोष्ट. जगप्रवासात हाच ग्रँट 1879 मध्ये मुंबईत उतरला आणि तिथून रेल्वेने जबलपूर, अलाहाबाद, आग्रा असा गेला. त्या काळी मुंबईहून जबलपूरला जायचं म्हणजे इगतपुरी, नाशिक, मनमाड, भुसावळ हीच लाईन! म्हणजे माणूस आपल्या दारावरून गेलाय. त्याच वर्षी शेवटी तो परत गॅलेनाला आला.
मेन स्ट्रीटच्या टोकाला जाडजूड पोलादी पूरदरवाजे आहेत, ते काकांना मुद्दाम दाखवा. पाणी वाढलं की रस्त्यावरचा दरवाजाच लावून टाकायचा. आपण गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते बघून सराफ बाजाराची काळजी करत बसतो, तिथे अख्ख्या बाजाराला दार केलंय. मी तर तिथेच सगळ्यात जास्त वेळ उभा होतो.

सिडको_एक्सप्रेस:
वरच्या दोघांनी गाव सांगितलं, मी बाहेरचं सांगतो. हॉर्सशू माउंड म्हणून टेकडी आहे गावाशेजारी, वरून इलिनॉय, आयोवा, विस्कॉन्सिन तिन्ही राज्यं दिसतात, संध्याकाळी जा. हिमयुगात बर्फाचे थर या भागावरून फिरले नाहीत म्हणून इथे डोंगर-दऱ्या शिल्लक आहेत, बाकी इलिनॉय म्हणजे नजर जाईल तिथपर्यंत सपाट मक्याची शेतं.
दुसऱ्या दिवशी मिसिसिपी ओलांडून आयोवातल्या ड्युब्युकला जाच, अर्धा तासही लागत नाही. तिथे कड्यावर चढणारी छोटीशी रेल्वे आहे, 296 फूट लांब, चढ 189 फुटांचा. 1882 मध्ये एका बँकरने बांधून घेतली कारण त्याची बँक खाली, घर बरोबर कड्यावर, आणि बग्गीने वळसा घालून जाण्यात दुपारच्या जेवणाची आणि डुलकीची सुट्टी संपायची. अजून चालू आहे, लाकडी डबा, थोडीच माणसं मावतात. काकूंना जिना न चढता वरून नदी बघायला मिळेल. हिवाळ्यात बंद असते, तुम्हाला प्रॉब्लेम नाही.
चेस्टनट माउंटनला हिवाळ्यात स्कीइंग आणि उन्हाळ्यात घसरगाडी असते, ते पोराटोरांचं, वय झालेल्यांना घेऊन कशाला.

गंगापूररोडकर:
वा, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना ग्रँटच्या रेल्वेचं वाचून दाखवलं, ते लगेच जुना नकाशा शोधायला बसले. मुक्काम पक्का. राहायचं कुठे? आणि आई शुद्ध शाकाहारी आहे.

पंचवटी_ते_पिओरिया:
बजेट असेल तर मेन स्ट्रीटवरच डीसोटो हाउस, 1855 चं हॉटेल, त्याच्या बाल्कनीतून 1856 मध्ये लिंकनचं भाषण झालं होतं. बुकिंग करताना लिफ्टजवळची रूम द्या म्हणून सांगा. पानं रंगायला लागली की वीकेंडला गर्दी असते, म्हणून मंगळवार-बुधवार जमवा, मात्र ग्रँटच्या घराचे वार आणि वेळा आधी त्यांच्या साइटवर बघून घ्या. खायला पिझ्झा-पास्ता मिळतो पण दोन दिवस तेच काकूंना नको होईल, बहिणीकडून निघताना धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या.