लॅमिंग्टन रोड की भडकमकर मार्ग? जुनं नाव परत द्यावं का?

आर्डुइनोआप्पा
राग आला तर येऊ देत पण बोलतो. ऑपेरा हाऊसकडून मुंबई सेंट्रलकडे जाणारा जो रस्ता, त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि टॅक्सीवाला, दुकानदार, इंजिनिअरिंगची पोरं सगळे म्हणतात लॅमिंग्टन रोड. कशाला हा दुहेरी कारभार? ते नाव आता कुठल्या गव्हर्नरचं राहिलेलंच नाही, ते आयसी, मल्टीमीटर आणि केबलच्या भेंडोळ्यांचं झालंय. सरळ जुनं नाव परत द्या नि मोकळे व्हा.

खेतवाडीकर
परत द्या म्हणे! आप्पा, हा लॅमिंग्टन कोण ते तरी माहितीय का? आधी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचा गव्हर्नर, मग १९०३ ते १९०७ मुंबईचा, म्हणजे चार वर्षं राहून गेलेला माणूस. आणि पुढचं ऐका. १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी मायकल ओडवायरला गोळ्या घातल्या, जालियनवाला बागेच्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर तो, तर त्या सभेत हे आपले लॅमिंग्टनसाहेबही हजर होते आणि त्यांनाही गोळी लागली. उधमसिंग फासावर गेले आणि आपण इथे लॅमिंग्टनची पाटी परत लावायची? जमणार नाही.

आर्डुइनोआप्पा
उधमसिंगांचं डोक्यावर. पण शंभर रेझिस्टरचं पाकीट घेताना मी कुणाला मुजरा घालत नाही ओ काका. पत्ता सांगतोय, सलाम नाही करत.

शुक्रवारचा_पहिला_शो
तुम्हा दोघांना नुसती इलेक्ट्रॉनिक्सची दुकानंच दिसतायत. अहो हा पिक्चरवाल्यांचा रस्ता होता! मिनर्व्हा, अप्सरा, नाझ. मिनर्व्हाला १५ ऑगस्ट १९७५ ला शोले लागला तो पाच वर्षं हलला नाही. आणि नाझच्या बिल्डिंगमध्ये डिस्ट्रिब्युटरांची ऑफिसं, कुठला पिक्चर चालला नि कुठला पडला याची बातमी आधी तिथे. मिनर्व्हा तर पाडलंच. नावावरून भांडताय, ज्या वास्तूंमुळे रस्त्याला नाव होतं त्या जाताना कुणी धागा काढला होता का? त्यातल्या त्यात ऑपेरा हाऊस नशीबवान, १९९३ ला बंद पडलं होतं ते २०१६ ला पुन्हा उघडलं.

खेतवाडीकर
हे मात्र खरं बोललात. पण म्हणून इंग्रजाचं नाव?

सरळमार्गी
आप्पांचा पायाच कच्चा आहे. नवीन नाव कुणी वापरत नाही असं कोण म्हणतं? डी. बी. मार्ग पोलीस स्टेशन ऐकलंय ना? २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीला कसाबची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे याच स्टेशनचे सहायक उपनिरीक्षक. सगळ्या देशाने हे नाव ऐकलंय.

आर्डुइनोआप्पा
ओंबळेंपुढे कायम नतमस्तक. पण तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत की साहेब. देशाने ऐकलं ते "डी. बी." ऐकलं. त्यात भडकमकर कुठेत? डॉक्टर होते एवढं पाटीवरून कळतं, ते पण पूर्ण पाटी वाचली तर. माणसाचा मान राखायला नाव दिलं आणि दोन अक्षरं उरली, हा कसला मान?

सरळमार्गी
मग आद्याक्षरं करू नका! दोष नावाचा की आपल्या आळसाचा? एम. जी. रोड, डी. एन. रोड, एस. व्ही. रोड, सगळीकडे हेच. दादाभाई नौरोजींसारखा माणूस, १८९२ ला ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेला, आणि आपण म्हणतो डीएन रोडला भेट. म्हणून तिथे परत हॉर्नबी रोड करणार का? दुसरं म्हणजे एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ ला प्रभादेवी झालं, तेव्हा पण लोक म्हणाले होते कोण म्हणणार, आज कॉलेजची पोरं प्रभादेवीच म्हणतात. वेळ द्यावा लागतो.

शुक्रवारचा_पहिला_शो
वेळ नाही हो, अनाउन्समेंट. स्टेशनचं नाव लोकलमध्ये दिवसभर कानावर आदळतं, इंडिकेटरवर दिसतं, तिकिटावर छापतात, मग रुळतं. रस्त्याचं नाव ओरडायला कोण आहे? एक पाटी, तीही फेरीवाल्याच्या ताडपत्रीमागे.

खेतवाडीकर
मग पाटीच मोठी करा. वर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पूर्ण अक्षरात, खाली दोन ओळी डॉक्टर कोण होते, आणि त्याखाली बारीक अक्षरात "पूर्वीचा लॅमिंग्टन रोड", काय ते गव्हर्नरचं उधमसिंगांसकट लिहा. माझी हरकत नाही.

आर्डुइनोआप्पा
बारीक अक्षरात का? सारख्या टायपात लिहा, मी गप्प बसतो.

खेतवाडीकर
बारीकच.