जैसलमेर ते तनोट रिकम्बंट ट्राइकवर, मार्चअखेर. उन्हाचं काय करू?

तीनचाकी_मुलुंड
नमस्कार मंडळी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जैसलमेर-रामगढ-तनोट करायचं ठरवलंय. एका बाजूने साधारण १२० किमी, रामगढ जवळपास मध्यावर येतं. ट्राइक रिकम्बंट आहे म्हणजे पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायची, आणि टॅडपोल म्हणजे पुढे दोन चाकं मागे एक. इथे पाम बीच रोडला आणि ईस्टर्न एक्सप्रेसवर भर दुपारी चालवलीये, घामाने निथळतो पण त्रास असा होत नाही, त्यामुळे घरचे घाबरतायत तेवढं मला वाटत नाहीये. तरी वाळवंटात कोणी रिकम्बंट चालवली असेल तर सांगा, पाणी कसं न्यायचं, अंगात काय घालायचं, आणि ट्राइकचं म्हणून वेगळं काही बघावं लागतं का.

पेडल_डोंबिवली
दादा रूट मस्त निवडलायत पण मुंबईच्या उन्हावरून अंदाज बांधू नका. इथे घाम दिसतो, टीशर्ट पिळला तर धार लागते, त्यामुळे पाण्याची आठवण आपोआप राहते. तिकडच्या कोरड्या हवेत घाम आला तसा उडून जातो, कातडी कोरडीच लागते, वाटतं काय भारी चाललंय, आणि मग बाहीवर मिठाचे पांढरे ओघळ दिसले की कळतं अंगातून किती गेलंय ते.

ट्राइकचं वेगळं विचारलंत ना, तर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. साध्या सायकलवर ऊन चढायला लागलं की हँडल डगमगतं, माणूस आपसूक पाय टेकतो. ट्राइकवर तोल सांभाळायचाच नसतो, पाठ टेकलेली, पाय फिरतायत, गरगरायला लागलं तरी गाडी सरळ चालत राहते. म्हणजे सावध करणारी पहिली खूणच गेली. म्हणून "अजून बरं वाटतंय" यावर भरवसा ठेवून चालायचं नाही, घड्याळ लावून थांबायचं, बरं वाटत असलं तरी. सावली दिसली की थांबा, कारण रामगढनंतर वस्ती विरळ होत जाते आणि पुढची सावली कधी मिळेल सांगता येत नाही.

ऊन लागतं पण वेगळ्या जागी. मांड्यांची वरची बाजू, नडग्या, हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडा, सायकलवाल्यांना जिथे कधी क्रीम लावावं लागत नाही तिथे सगळीकडे. त्यात सीट जमिनीपासून जेमतेम फूटभर, डांबर तापलं की खालून धग लागते ती वेगळीच. आणि हवा ३५ डिग्रीच्या वर गेली की वारा गार करत नाही, उलट अंग तापवतो, तेव्हा फक्त घाम किंवा अंगावरचं पाणी उडेल तेवढाच गारवा. त्यामुळे उघडं अंग नको. सैल सुती फुल शर्ट, घोट्याशी बांधलेला पायजमा, मानेभोवती ओला पंचा, आणि शर्ट मधून मधून भिजवत राहायचा.

पिण्याच्या पाण्याचं म्हणाल तर तिकडे जीप-ट्रकच्या पुढे कॅनव्हासची छागल लटकवायची पद्धत होती, पाणी झिरपून उडतं आणि आतलं गार राहतं, आपल्या माठासारखंच. तेच बाटलीवर जुना सुती मोजा चढवून करता येतं, मोजा ओला ठेवायचा बस. मुंबईत करून बघाल तर फारसा फरक दिसणार नाही, इथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही नीट.

मी तरी एका दिवसात तनोट गाठायला सांगणार नाही. फटफटीत व्हायच्या आत निघा, साडेदहाच्या आत रामगढ, तिथेच मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुढे.

ओआरएस_दादर
मी डॉक्टर आहे, सायकलही चालवते. वरच्या दादांचं बरंचसं पटलं पण एक गोष्ट नाही. मुंबईच्या उन्हातला सराव वाया जात नाही. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात आणि ती दमट हवेतही होते, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं. तेव्हा निघायच्या आधीचे दोन आठवडे रोज तासभर उन्हात चालवा, हळू चालवा पण रोज.

नुसतं पाणी ढोसत राहणं हेही धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्याची लक्षणं ऊन लागल्यासारखीच दिसतात, डोकेदुखी, मळमळ, गोंधळ. त्यामुळे ओआरएस ठेवा. मोठं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत घट्ट करून नको. वाटेत छाछ मिळाली मीठ घालून तर फारच छान. किती प्यायचं हे इथेच काढता येईल, राइडच्या आधी आणि नंतर वजन करा, एक किलो कमी म्हणजे अंदाजे एक लिटर गेलं. तिकडे त्याहून जास्त धरा, पण तासाला लिटरच्या वर पोटात ढकलू नका.

सोबत कोणी असेल त्याला हे नक्की सांगून ठेवा: तुम्ही असंबद्ध बोलायला लागलात, साध्या प्रश्नाचं उत्तर चुकायला लागलं, तर तो उष्माघात समजायचा, घाम येत असला तरीही. आधी गार करायचं, मग हलवायचं. सावलीत आडवं करून कपडे काढून अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, बर्फ असेल तर मान, काख, जांघ. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका. १०८ लावा, पण रेंजचा भरवसा नाही म्हणून एकट्याने जाऊ नका असं मी कळकळीने सांगते. बीपीच्या गोळ्या चालू असतील, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

तीनचाकी_मुलुंड
ताई, दादा, खूप आभार. रामगढला मुक्काम करतो, भाऊ मागे गाडी घेऊन येईल म्हणालाय. वाळू आणि पंक्चरचं काय?

गिरगाव_गॅरेज
तीन चाकं म्हणजे रस्त्यावर तीन वेगळ्या रेघा, काटा एका चाकाने चुकवला तरी दुसरं त्यावरून जातंच. आणि तिकडे बाभळीचे काटे रस्त्याच्या कडेला भरपूर, त्यामुळे कडेला थांबताना कच्च्यावर उतरवूच नका, उचलून न्या. टायरला आतून जाड पट्टी लावा, ट्यूबमध्ये सीलंट (छोटी भोकं आतून बुजवणारं द्रव) भरा, आणि पुढच्या-मागच्या चाकांचा साइज वेगळा असेल तर ट्यूबही दोन्ही साइजच्या घ्या.

वाळू रस्त्यावर आलेली असते ठिकठिकाणी. टॅडपोलच्या मागच्या चाकावर वजन कमी असतं, त्यामुळे वाळूत जोर लावला की ते जागच्या जागी फिरतं. पाणी आणि जड सामान मागच्या चाकाच्या जवळ, खाली बांधा, पकड सुधारते. चेनला ओलं तेल नको, वाळू चिकटून पेस्ट होते, मेणाचं ल्युब लावा. तुमची चेन साध्या सायकलच्या दुप्पट-तिप्पट लांब आणि नळ्यांमधून जाते, त्या नळ्यांत वाळू बसते, रोज संध्याकाळी चेन फिरवत कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

झेंडा उंच लावा, भडक केशरी. तापलेल्या रस्त्यावर मृगजळ असतं, खाली बसलेला माणूस ट्रकवाल्याला त्यात उशिरा दिसतो. मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेवा, आणि अंधार पडायच्या आत रस्त्यावरून बाजूला व्हा, भाऊ मागे असला तरी.